दोषाची किंमत: सदोष पात्र बदलताना लिहायचं कसं

मालिकेच्या पात्र-परिचयात एक ओळ हमखास सापडते: 'स्वभावाने तापट, पण मनाने चांगला.' किंवा 'महत्त्वाकांक्षी, थोडी स्वार्थी, पण घरच्यांवर जीव.' नवीन लेखकांच्या पटकथा वाचणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. अशी ओळ दिसली की मी समासात एकच प्रश्न लिहिते: या तापटपणाचा त्याला फायदा काय?

बहुतेक वेळा लेखकाकडे उत्तर नसतं. दोष हा पात्राला लावलेला डाग आहे आणि शेवटच्या भागात तो धुऊन काढायचा आहे, असं धरून चालल्यामुळे हे होतं. पण माणूस आपला दोष वर्षानुवर्षं जपतो, कारण त्यातून त्याला काहीतरी मिळत असतं. तापट माणसाला घरात उलट प्रश्न कुणी विचारत नाही. कुणावरच विश्वास न ठेवणाऱ्याची फसवणूक होत नाही. सतत त्याग करणाऱ्या बाईपुढे घरातला प्रत्येक जण मिंधा राहतो. दोष ही त्या माणसाची सोय असते. ती सोय हाती लागेपर्यंत पात्र बदलायला घेऊ नका. आपण नेमकं काय बदलतोय हेच तोवर ठाऊक नसतं.

आधी सोय शोधा

पुढचं सगळं एकाच पात्रावर दाखवते. हे पात्र मी याच लेखासाठी बेतलंय. नाव मुकुंद, वय पंचेचाळीस, घरातला थोरला. वाद नको म्हणून खोटं बोलतो. कुणाला लुबाडण्यासाठी तो बोलत नाही, समोरच्याचा चेहरा पडू नये म्हणून बोलतो. 'अर्ज दिलाय.' 'डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही.' 'त्यांच्याशी माझं बोलणं झालंय.' आणि या सगळ्यांच्या शेवटी त्याचं ठरलेलं वाक्य: 'मी बघतो.' ते ऐकलं की समोरचा निवांत होतो, विषय मिटतो, आणि मुकुंद पुढे काहीही बघत नाही.

आता वहीचं एक पान आडवं धरा आणि चार रकाने आखा. पहिल्यात, पात्र काय करतं. दुसऱ्यात, त्यातून त्याला काय मिळतं. तिसऱ्यात, त्याची भरपाई कोण करतं. चौथ्यात, हे कुणाकुणाला माहीत आहे.

मुकुंदचा पहिला रकाना सोपा आहे. दुसऱ्यात थांबावं लागतं. त्याला मिळतं काय? शांतता, हे पहिलं उत्तर. पण तेवढ्यावर थांबू नका, आणखी खणा. सगळं घर त्याला 'समंजस' म्हणतं. वडील धाकट्या बहिणीला सुनावताना त्याचंच उदाहरण देतात. कुठल्याही भांडणात दोन्ही बाजू त्याच्याकडे येतात. खोटं बोलणं बंद झालं तर भांडणं वाढतीलच, शिवाय घरातली ही जागाही जाईल. म्हणजे खोटं सोडणं त्याच्यासाठी एखादी सवय सोडण्याइतकं सोपं राहत नाही. त्याला आपली सगळी ओळखच पणाला लावावी लागते. इथपर्यंत पोचलात की पात्र उभं राहायला लागतं.

तिसरा रकाना बरेच लेखक कोरा सोडतात, आणि खरी गोष्ट तिथेच दडलेली असते. बहीण शैला नोकरीसाठी दुसऱ्या गावी आहे. वडिलांची तब्येत 'ठीक' आहे असं ऐकून तिने रजा पुढे ढकलली. ते दिवस तिला परत मिळणार नाहीत. मुकुंदच्या बायकोला रोज दोन वेगवेगळी खोटी वाक्यं लक्षात ठेवून वावरावं लागतं. वडिलांना आपल्याच आजाराची नीट कल्पना नाही. दोषाची भरपाई जो करतो तो नाट्यातला दुसरा महत्त्वाचा माणूस असतो. मुख्य पात्राचा प्रवास लिहिताना मी याच माणसाचे प्रसंग आधी लिहिते.

चौथ्या रकान्यात मालिकेचा श्वास असतो. मुकुंदची बायको जाणते, शैलाला संशय आहे, वडिलांना काहीच माहीत नाही आणि प्रेक्षकाला सगळं माहीत आहे. हा रकाना प्रत्येक आठवड्याच्या भागांनंतर पुन्हा भरायचा. रोजच्या मालिकेत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे असतात. कुणाला काय कळलंय याची नोंद एका जागी नसेल तर परवा रडून सत्य ऐकलेली शैला आज तोच प्रश्न निरागसपणे विचारताना दिसते, आणि प्रेक्षक ते लगेच पकडतो.

भूतकाळ जपून वापरा

दोष कुठून आला हे लेखकाला ठाऊक हवंच. मुकुंदचे वडील तरुणपणी भयंकर संतापी होते. सहा-सात वर्षांचा असताना त्याने एकदा 'तो आरसा माझ्याच हातून फुटला' असं खोटं सांगितलं आणि आईचा मार वाचवला. तेव्हा खोटं बोलणं हे धाडस होतं आणि ते योग्यही होतं. पुढे वडील म्हातारे झाले, मऊ झाले, आई गेली, पण मुलाच्या अंगात मुरलेली युक्ती तशीच राहिली.

हा प्रसंग लिहून ठेवा, आणि लगेच दाखवू नका. पहिल्याच आठवड्यात फ्लॅशबॅक टाकला की प्रेक्षक मुकुंदला माफ करून मोकळा होतो. मग पुढे त्याच्या खोटेपणाने शैलाचं कितीही नुकसान झालं तरी 'बिचाऱ्याचं बालपण कसं गेलं' एवढंच मनात राहतं. कारण सांगितलं की जबाबदारी संपली, असा समज त्यातून होतो. मी असा प्रसंग नेहमी पात्राने मोठं नुकसान करून झाल्यावर आणते, आणि जमल्यास ज्याचं नुकसान झालं त्याच्याच तोंडून सांगते. शैलाने म्हणावं, 'त्या आरशाचं मला माहीत आहे दादा. आईने सांगितलं होतं. पण तेव्हा तू सात वर्षांचा होतास.' एका संवादात कारणही कळलं आणि हिशेबही बाकी राहिला.

एक भूतकाळ पुरे. लहानपणी मार, तरुणपणी प्रेमभंग, नोकरीत अपमान अशी रांग लावली की कारणांची गर्दी होते आणि माणूस हरवतो.

दाब दोषावरच द्या

पात्र बदलायचं ठरलं की लेखक अपघात घडवतो. गाडी उलटते, पात्र बेशुद्ध पडतं, शुद्धीवर येतं ते नवा माणूस होऊन. किंवा कुणाचा तरी मृत्यू होतो. नाहीतर लीप घेतला जातो, मध्ये सात वर्षं जातात आणि परतलेलं पात्र शहाणं झालेलं असतं. मालिका चालवायला लीप लागतो हे मला मान्य आहे, पण ज्या वर्षांत माणूस बदलला नेमकी तीच वर्षं आपण कापून टाकली, तर प्रेक्षकाला बघायला उरलं काय?

दाब नेमका त्या सोयीवर पडायला हवा. आपण दोन शब्दांत 'वाल्याचा वाल्मीकी' म्हणून मोकळे होतो, पण ती कथा पूर्ण आठवून बघा. वाल्या वाटसरूंना लुटतो आणि मनाशी म्हणतो, हे सगळं घरच्यांसाठी. नारद त्याला पाप वाईट असतं हे सांगत बसत नाहीत. ते एवढंच विचारतात की ज्यांच्यासाठी तू हे करतोस ते या पापात वाटेकरी होतील का, जाऊन विचारून ये. वाल्या घरी जातो, बायकोमुलांना विचारतो, आणि ते नाही म्हणतात. उपदेशाने जे हललं नसतं ते घरच्यांच्या नकाराने कोसळतं, कारण 'घरच्यांसाठी' हीच त्याची सोय होती. त्यानंतरही तो लगेच ऋषी होत नाही. अंगावर वारूळ चढेपर्यंत तपश्चर्या चालते. पटकथेच्या भाषेत सांगायचं तर नेमका प्रश्न, तो जाऊन विचारण्याची कृती, आपल्याच माणसांचा नकार आणि मग लांबलचक काळ, असे चार टप्पे आहेत. आपण पहिला वाल्या आणि शेवटचा वाल्मीकी उचलतो आणि मधलं सगळं सोडून देतो.

'घरच्यांसाठी' हीच सोय घेऊन 'ब्रेकिंग बॅड' उभी आहे. २००८ ते २०१३ या काळात ६२ भागांत चाललेली ही मालिका. कॅन्सर झालेला रसायनशास्त्राचा शिक्षक वॉल्टर व्हाइट अमली पदार्थ बनवायला लागतो, आणि मी हे कुटुंबासाठी करतोय असं सांगत राहतो. पहिल्याच सीझनमध्ये लेखक त्याच्यासमोर सरळ रस्ता ठेवतात. जुने श्रीमंत भागीदार उपचाराचा खर्च द्यायला तयार होतात, आणि वॉल्टर नकार देतो. तो नकार बघितला की पैसा हे निमित्त होतं आणि खरा रोग अहंकाराचा होता, हे कळतं. वाल्याने उत्तर ऐकलं आणि तो थांबला. वॉल्टरला थांबायची संधी पुन्हा पुन्हा मिळते आणि तो 'घरच्यांसाठी' या भिंतीआड लपत राहतो. शेवटच्या भागात तो बायकोपाशी कबूल करतो की हे सगळं त्याने स्वतःसाठी केलं. तो सुधारलेला नसतो, खूप माणसं मेलेली असतात. पण ज्या खोट्यावर तो जगला ते त्याने स्वतःच्या तोंडाने मोडलं, आणि एवढा बदल त्या पात्राला पुरतो.

यातून घेण्यासारखं तंत्र म्हणजे, पात्राला सुटकेचा सोपा मार्ग लवकर द्या आणि त्याला तो नाकारू द्या. नकाराचं कारण हाच त्याचा खरा दोष. पात्र-परिचयात तुम्ही लिहिलेला दोष आणि या नकारातून दिसणारा दोष वेगळा निघाला, तर परिचय बदला.

मुकुंदला असा मार्ग द्यायचा तर शैला स्वतःच म्हणते, 'दादा, मला वाईट बातमी चालेल. फक्त खरं सांगत जा.' आता खोटं बोलायचं बाहेरून काहीच कारण उरलेलं नाही. तरीही तो 'मी बघतो' म्हणतो. प्रेक्षकाला तिथे पहिल्यांदा कळतं की हा बहिणीला वाचवत नव्हता, घरातली आपली जागा वाचवत होता.

बदल पायरीपायरीने उतरवा

इथे सर्वात जास्त वेळ द्या. खोटं बोलणारा माणूस एका सकाळी उठून खरं बोलत नाही. मधल्या पायऱ्या शोधणं हेच लेखकाचं काम आहे, आणि त्या पायऱ्या सरळ वर जाणाऱ्या नसतात. मुकुंदपुरत्या मी अशा काढल्या.

आधी तो खोटं बोलणं टाळतो, पण खरंही सांगत नाही. हा टप्पा फार मोलाचा आहे आणि बहुतेक पटकथांत तो नसतोच. सुरुवातीच्या भागातला प्रसंग असा:

शैला (फोनवर): दादा, बाबांचा रिपोर्ट आला का रे?
मुकुंद (खिशातला लिफाफा चाचपत): आला. सगळं नॉर्मल आहे. तू नको काळजी करूस, मी बघतो.

आणि बऱ्याच भागांनंतर, तीच माणसं, तोच प्रश्न:

शैला: दादा, दुसरा रिपोर्ट आला का?
मुकुंद: आला.
शैला: मग?
(मुकुंद गप्प.)
शैला: नॉर्मल आहे ना?
मुकुंद: तू इकडे ये. आपण दोघं मिळून वाचू.

दुसऱ्या प्रसंगात मुकुंदने अजून काही सांगितलेलं नाही. तो फक्त 'मी बघतो' म्हणाला नाही. पण प्रेक्षकाने ते वाक्य इतक्या वेळा ऐकलेलं असतं की त्याचं न येणं त्याला ऐकू येतं. शैलाचे दोन छोटे प्रश्न मुद्दाम आहेत. ती त्याला जुन्या वाटेवर परत बोलावतेय, 'नॉर्मल आहे ना' असं विचारून खोट्याचे शब्दसुद्धा आयते देतेय. ते नाकारणं ही त्याची कृती. इथे पार्श्वसंगीत वाढवायला सांगू नका, आणि 'मुकुंदच्या चेहऱ्यावर बदलाचे भाव' असलं काही कंसात लिहू नका. नटाला कृती द्या, लिफाफा द्या, गप्प बसायला जागा द्या. चांगला नट उरलेलं करतो.

त्यापुढची पायरी: तो खरं बोलतो, पण भलत्याच माणसाला. दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला तो सगळं सांगून टाकतो. जिथे काही गमवायचं नाही तिथे खरं बोलणं सोपं जातं. प्रेक्षकाला आशा वाटते आणि चिडही येते, दोन्ही एकदम यायला हवं.

मग तो खरं शस्त्रासारखं वापरतो. घरात वाद पेटतो आणि मुकुंद वडिलांच्या तोंडावर म्हणतो, 'तुमच्या भीतीने मी खोटं बोलायला शिकलो.' वाक्य शंभर टक्के खरं आहे, आणि आजारी म्हाताऱ्या माणसावर या घडीला ते फेकणं क्रूर आहे. नवा गुण हाती आलेला माणूस तो आधी असाच वेडावाकडा वापरतो. लेखकांना हा टप्पा आवडत नाही, कारण पात्र सुधारता सुधारता वाईट दिसतं. मला तर हाच सर्वात जिवंत वाटतो. याने घर हादरतं, आणि मुकुंदला वाटतं, बघा, खरं बोललं की हे असं होतं. तो जुन्या वाटेला परत जातो.

घसरण आतून आली पाहिजे

पात्र घसरावं, पण का घसरलं ते त्याच्या दोषाशी बांधलेलं हवं. राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ मध्ये रंगभूमीवर आलं. दारूचं नाटक म्हणून ते ओळखलं जातं, पण सुधाकर नीट वाचा. तो बुद्धिमान, मानी वकील आहे. सनद काही काळ रद्द होते, तो अपमान त्याला गिळता येत नाही, आणि तळीराम पहिला पेला पुढे करतो तो नेमका त्या वेळी. दारू नंतर आली, जखमी अभिमान आधी होता. म्हणूनच पुढे दारू सोडून उभं राहायचा निश्चय केल्यावर, काम मागायला गेलेल्या ठिकाणी पुन्हा अपमान वाट्याला येतो तेव्हा तो पेल्याकडे परततो, आणि आपल्याला ते पटतं. ज्या जागी तुटला होता त्याच जागी पुन्हा तुटला. गडकऱ्यांनी त्याच्यासमोर नुसती बाटली ठेवून भागवलं असतं तर ती घसरण पोकळ वाटली असती.

घसरणीला वेळही द्यावा लागतो. 'गेम ऑफ थ्रोन्स'मधला जेमी लॅनिस्टर पहिल्याच भागात एका लहान मुलाला खिडकीतून ढकलतो. पुढे तलवारीचा हात गमावतो, आणि ज्या हातावर त्याचा सगळा अभिमान होता तोच गेल्यावर हळूहळू वेगळा माणूस होत जातो. तो दाब किती अचूक जागी दिलाय बघा. शेवटच्या, २०१९ मधल्या सीझनमध्ये तो बहिणीकडे, जिच्याशी त्याचे चोरटे प्रेमसंबंध होते तिच्याकडे, परत जातो. जाणं अशक्य होतं असं मी म्हणणार नाही, त्याच्यातली ती ओढ पहिल्यापासून होती. पण शेवटचा सीझन अवघ्या सहा भागांचा, आणि इतक्या वर्षांच्या चढणीनंतरची उतरण त्यात घाईघाईने उरकली. माझा साधा नियम आहे. एखादी सवय सोडायला पात्राला जेवढे प्रसंग लागले, त्याच्या निम्मे तरी ती पुन्हा धरताना दाखवायचे.

मुकुंदच्या घसरणीनंतर खरी पायरी येते. घराच्या कागदपत्रांचं काम केलंय असं तो शैलाला सांगत आलाय. केलेलं नाही, आणि मुदत टळून गेलीय. या वेळी खरं सांगितलं तर बहिणीचा विश्वास जाईल, वडिलांपुढची शान जाईल, आणि गेलेली मुदत तर परत येणारच नाही. म्हणजे खरं बोलून त्याला काहीही मिळणार नाही. तरी तो सांगतो. या प्रसंगाला बक्षीस देऊ नका. शैलाने लगेच त्याला मिठी मारली तर मागचं सगळं लिखाण वाया गेलं. तिने बॅग भरून निघून जावं.

माफी कुणाच्या हातात

माफीचा प्रसंग आपल्याकडे फार लवकर येतो आणि फार लांबतो. पात्र हात जोडतं, रडतं, समोरचा विरघळतो, आणि जणू काही झालंच नव्हतं. माफी मागणं पात्राच्या हातात आहे, मिळणं समोरच्याच्या हातात आहे, आणि समोरच्यालाही स्वतःचा स्वभाव आहे, हे विसरलं जातं.

२०१४ ते २०२० या काळातल्या 'बोजॅक हॉर्समन' या ॲनिमेशन मालिकेत पहिल्याच सीझनमध्ये याचं उत्तम उदाहरण आहे. बोजॅक अनेक वर्षांनी हर्ब या जुन्या मित्राकडे जातो. कठीण काळात त्याने हर्बला वाऱ्यावर सोडलेलं असतं. हर्ब मृत्युशय्येवर आहे. बोजॅक माफी मागतो आणि हर्ब ती नाकारतो. बोजॅक हादरतो, कारण तो हर्बसाठी आलाच नव्हता, स्वतःला हलकं वाटावं म्हणून आला होता. माफी नाकारल्याबरोबर माफी मागणाऱ्याचा हेतू उघडा पडतो. तुमच्या पटकथेत माफीचा प्रसंग असेल तर एकदा असा नकार लिहून बघा. नंतर वगळलात तरी चालेल, पण पात्र माफी कशासाठी मागतंय हे तुम्हाला कळलेलं असेल.

जे बदलत नाहीत

प्रत्येक सदोष पात्राला बदलायलाच हवं असं नाही. 'द सोप्रानोज' या मालिकेतला माफिया टोळीचा म्होरक्या टोनी १९९९ ते २००७ या काळात ८६ भाग चालला. त्यातली बरीच वर्षं तो मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मेल्फीसमोर बसतो आणि मुळात आहे तसाच राहतो. शेवटाकडे मेल्फीच त्याचे उपचार थांबवते. बदल तिच्यात होतो. न बदलणारं पात्र लिहायचं असेल तर त्याच्यासमोर बदलण्याच्या खऱ्या संधी ठेवा, आणि त्याच्या न बदलण्याने जवळचं कोण बदललं ते दाखवा. हे जमलं नाही तर ते पात्र नुसतं थिजलेलं दिसतं.

गुण तोच, वापर वेगळा

दोष गेल्यावर पात्र गुळगुळीत होतं अशी तक्रार मी खूप ऐकते. सुधारलेला खलनायक कंटाळवाणा होतो, हे खरंच आहे. कारण दोषाबरोबर लेखक त्याचं कौशल्यही काढून घेतो. मुकुंद इतकी वर्षं खोटं बोलू शकला तो माणसांचे चेहरे वाचता येत होते म्हणून. समोरच्याला कधी, किती झेपेल हे त्याला बरोबर कळायचं. ही नजर त्याच्याकडे राहू द्या. बदललेला मुकुंद शैलाला वाईट बातमी सांगतो तेव्हा आधी ती बसायची वाट बघतो, तिचा फोन बाजूला ठेवायला लावतो, सर्वात कठीण वाक्य पहिल्यांदा बोलतो आणि मग गप्प बसतो. पूर्वी ज्या नजरेने तो तिला गुंगवायचा, त्याच नजरेने आता तो तिला सावरतोय. कपटी पात्राकडे डावपेच राहू द्या, हट्टी पात्राकडे चिकाटी. जीभ तिखट असेल तर सुधारल्यावरही तिखटच बोलू द्या, फक्त आता कुणाच्या बाजूने बोलते ते बदला.

कादंबरी लिहिणाऱ्यांना इथे एक मोठी सोय आहे. पात्राच्या नजरेतून निवेदन असेल तर त्याचे विशेषणं लावण्याचे ढंगच हळूहळू बदलता येतात. सुरुवातीला ज्या शेजाऱ्याला तो 'तो कटकट्या' म्हणतो, त्याचं दोनशे पानांनंतर नाव घेतो. कुणी काही जाहीर करायची गरज पडत नाही. पडद्यावर हे काम वस्तूंनी, हालचालींनी आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या वाक्यांनी करावं लागतं. कथा लिहीत असाल तर सगळ्या पायऱ्यांचा मोह सोडा. एकच पायरी घ्या आणि तिच्यावर उभे राहा. माझ्या मते मुकुंदवरच्या कथेला ती लिफाफ्याची पायरी पुरेल.

पुन्हा वाचताना

मसुदा झाला की त्यातून एकाच पात्राचे प्रसंग काढून सलग वाचा. मधले उपकथानकाचे भाग बाजूला ठेवा. बदल कुठे उडी मारतो ते लगेच दिसतं. 'तू किती बदललास' हे वाक्य कुणाच्याही तोंडी असेल तर ते कापा. कापल्यावर काही कमी पडलं असं वाटलं, तर कमतरता आधीच्या प्रसंगांत आहे. शहाणपणाचं लांब भाषण असेल तर त्यातलं एकच वाक्य ठेवा, आणि उरलेल्या भाषणाचा ऐवज एका निर्णयात घाला. मग सुरुवातीचा आणि शेवटचा प्रसंग शेजारीशेजारी ठेवा. दोन्हीकडे पात्रासमोर साधारण सारखीच अडचण आहे ना ते बघा, कारण अडचणच निराळी असेल तर माणूस बदलला की परिस्थिती, ते प्रेक्षकाला कळणार कसं?

शेवटी मसुदा अशा एखाद्याला वाचायला द्या ज्याने तुमचा आराखडा बघितलेला नाही. वाचून झाल्यावर 'आवडलं का' असं विचारू नका. पटकथेत नसलेला एक प्रसंग त्याच्यापुढे ठेवा. समजा, वडील गेल्यानंतर सहा महिन्यांनी शैला विचारते, 'दादा, शेवटच्या दिवशी बाबा माझ्याबद्दल काही म्हणाले का रे?' ते काहीच म्हणालेले नाहीत. मुकुंद काय सांगेल? वाचणाऱ्याने झटकन 'खरं सांगेल' म्हटलं, तर तुमचा मुकुंद फार सरळ झालाय. मधल्या पायऱ्यांकडे परत जा आणि ती घसरण पुन्हा लिहा. तो झटकन 'खोटं बोलेल' म्हणाला, तर कागदपत्रांच्या प्रसंगात किंमत कमी पडलीय, ती वाढवा. पण तो विचारात पडला, आणि मुकुंद आधी काय करेल, कुठे बघेल, किती वेळ थांबेल हे तुम्हाला सांगायला लागला, तर मसुदा पुढे पाठवा.